एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, मग ॲव्हरेजमध्ये एवढा फरक का?

तुमची आणि मित्राची गाडी एकच, ऑफिसचा रस्ताही एकच, तरी त्याला लिटरमागे १८ आणि तुम्हाला १४ का, हा तुमचा पहिला प्रश्न. घाट उतरताना न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचतं का, हा दुसरा.

टायरमधली हवा बरोबर असेल आणि सर्व्हिसिंग झालेलं असेल, तर पहिल्याचं उत्तर मी ब्रेकमध्ये शोधेन. माणसांसकट १२०० किलोच्या थांबलेल्या गाडीला ताशी ६०चा वेग द्यायला साधारण २० मिली पेट्रोल लागतं, म्हणजे चार चमचे. समोर लाल सिग्नल दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबत गेलात आणि शेवटी कचकन ब्रेक मारला, की ते चार चमचे ब्रेक तापवण्यात गेले. सिग्नल सुटला की परत चार चमचे. तेवढ्या चार चमच्यांत तुमच्या मित्राची गाडी साडेतीनशे मीटर जाते! म्हणून फक्त पुढच्या गाडीकडे बघू नका, तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांवर नजर ठेवा, मधे अंतर सोडा आणि पाय लवकर उचला. शहरात ॲव्हरेज सुधारायचा याहून मोठा उपाय मला माहीत नाही.

‘गाडी हळू चालवा’ हा सल्ला मात्र अर्धाच खरा आहे. दुसऱ्या गिअरमध्ये रांगत राहिलात तरी पेट्रोल जास्तच जातं. गिअर लवकर वर टाका, फक्त इंजिन धक्के खायला लागेल इतका लवकर नको. हायवेवर वेग खरंच महाग पडतो: ८०ऐवजी १००ने गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो.

आता घाट. उतारावर न्यूट्रल करायची सवय कार्बोरेटरच्या काळातली. आजच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला, की इंजिनात पेट्रोल जायचंच थांबतं. उतारावर चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केली की इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू होतं. मीटरवर त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारी पट्टी असेल तर खंबाटकीच्या उतारावर बघा. तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलला की माझी पट्टी टोकाला जाऊन तिथेच थांबते.

आणि पेट्रोलपेक्षा मोठी गोष्ट: न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापतात आणि नेमके हवे तेव्हा धरत नाहीत. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ट्रकचे जे भयंकर अपघात झाले, त्यांत हे कारण वारंवार पुढे आलं आहे. काहीजण तर इंजिनही बंद करतात. मग दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि स्टिअरिंगही जड होतं. कृपा करून हे करू नका, मित्रालाही सांगा. ज्या गिअरमध्ये घाट चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.