शब्दशंका : हायलंड चढता येत नाही

प्रश्न : बाई, नमस्कार. मुलीचा अभ्यास घेता घेता मीही इंग्रजी शब्दांची वही घातली आहे. त्यात ‘हायलँड म्हणजे उंचावरचा, डोंगराळ प्रदेश’ असं लिहिलं आणि वाक्य केलं, ‘वी क्लाइम्ड अ हायलँड.’ तिच्या शिक्षिकेनं त्याखाली लाल रेघ मारली, कारण मात्र लिहिलं नाही. अर्थ तर बरोबर आहे ना? आणि हिल, माउंटन, प्लॅटो एवढे शब्द असताना हा आणखी एक कशाला?

उत्तर : ताई, अर्थ अगदी बरोबर आहे. तुम्हीच लिहिलेला ‘प्रदेश’ हा शब्द तेवढा पुन्हा एकदा वाचा. डोंगर चढतात, प्रदेशात जातात, राहतात, भटकतात. ‘आम्ही एक डोंगराळ प्रदेश चढलो’ असं मराठीत तुमच्या तोंडून निघालंच नसतं, मग इंग्रजीत कसं निघालं? वहीत बरोबरचं चिन्ह टाकून शब्दापुढे शब्द मांडला की हे असं होतं. ‘वी क्लाइम्ड अ माउंटन इन द हायलंड्स’ लिहा, रेघ येणार नाही.

त्यातला ‘द’ आणि शेवटचा ‘स’ पाहिलात? नाम म्हणून हा शब्द बहुतेक वेळा याच पोशाखात येतो : द इथिओपियन हायलंड्स, व्हिएतनामचे सेंट्रल हायलंड्स. ‘स’ गळला की तो बहुधा विशेषणाचं काम करतो : हायलंड व्हिलेज, हायलंड क्लायमेट, हायलंड कॅटल. ही शेवटची म्हणजे स्कॉटलंडमधली ती झिपरी गाय. तांबूस, लांब शिंगांची, कपाळावरच्या केसांनी डोळे पार झाकलेली. कॅलेंडरवर नक्की पाहिली असेल. तेव्हा वहीत नुसतं ‘हायलंड’ न लिहिता ‘द हायलंड्स’ आणि ‘हायलंड कॅटल’ अशा दोन ओळी लिहा. शब्द त्याच्या सोबत्यांसकट पाठ झाला की वाक्यात आपोआप जागेवर बसतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो मला जास्त आवडला. त्याच्या उत्तरासाठी आधी हे पाहू : किती उंच जमीन असली की तिला हायलंड्स म्हणायचं? मीटरमध्ये उत्तर मागाल तर ते नाही. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा तिथल्या हायलंड्समध्ये, सुमारे २३०० मीटरवर वसली आहे. विषुववृत्तापासून जेमतेम ९ अंशांवर असूनही तिथली हवा सौम्य असते, कारण हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. आणि स्कॉटलंडच्या हायलंड्समधलं सगळ्यात उंच शिखर, बेन नेव्हिस? १३४५ मीटर! अख्ख्या ब्रिटनमध्ये त्याहून उंच काही नाही, तरी अदिस अबाबातले लोक त्याच्याहून जवळपास हजार मीटर उंचावर बाजारहाट करतात. नाव दोन्ही प्रदेशांना एकच.

हा शब्द समुद्रसपाटीपेक्षा शेजारच्या जमिनीकडे बघून बोलतो. हायलंड्स म्हटलं की जवळपास कुठेतरी लोलंड्स, म्हणजे सखल प्रदेश, आलेच. स्कॉटलंडमध्ये तर ही सीमा जमिनीतच आखलेली आहे : पश्चिमेच्या ॲरन बेटापासून ईशान्येकडच्या स्टोनहेवनपर्यंत भूकवचात एक लांबलचक भेग तिरकी गेली आहे, हायलंड बाउंडरी फॉल्ट. तिच्या वायव्येला टणक, जुने खडक नि डोंगर. आग्नेयेला मऊ खडकाची सखल शेतजमीन. पूर्वी वरच्या बाजूला गेलिक भाषा, कुळांची व्यवस्था, चौकड्यांचं वस्त्र. खाली स्कॉट्स भाषा आणि बाजारपेठेची गावं. म्हणून ‘हायलंडर’ म्हटलं की नुसता उंचावर राहणारा माणूस डोळ्यांपुढे येत नाही, एक वेगळा समाज येतो. १७४६मध्ये कलोडनच्या लढाईत बंडखोरांचा, त्यांत बहुतेक हायलंडरच होते, मोड झाल्यावर ब्रिटिश सरकारनं हायलंड वेशावरच बंदी घातली, ती १७८२मध्ये उठली. सैन्यात दाखल झालेल्या हायलंडरांना मात्र तोच वेश चालत होता. सरकारी तर्कशास्त्र, दुसरं काय!

प्लॅटोचं थोडक्यात सांगते. पठाराला माथ्यावर सपाटी लागते, हायलंड्सना तशी अट नाही. इथिओपियाच्या हायलंड्समध्ये सपाट पठारं आहेत, निळ्या नाईलनं कापलेली खोल घळ आहे आणि ४५०० मीटरच्या वर गेलेलं रास दाशेन शिखरही आहे. हे सगळं एका शब्दात मावतं, म्हणून हा ‘आणखी एक शब्द’.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे. हायलँड म्हणायचं की हायलंड? आमच्या वर्गात दोन तट पडले आहेत.

उत्तर : ‘लंड’वाल्या तटाचा विजय झाला असं जाहीर कर. उच्चारताना सगळा जोर ‘हाय’वर पडतो आणि पुढचा ‘लॅन्ड’ दबून ‘लन्ड’ होतो. इंग्लंड, स्कॉटलंड, लोलंड यांचंही तेच, आणि बेटाला आपण ‘आयलंड’ म्हणतो तेही असंच. पण इंग्रजी एका नियमावर कधी थांबत नाही. थायलंडचा इंग्रजी उच्चार करताना ‘लॅन्ड’ पूर्ण उघडा ठेवतात. मराठीत मात्र आपण थायलंडच म्हणतो, आणि ते तसंच राहू दे.

एक बारकावा घे. हेच दोन शब्द सुटे लिहिले, ‘हाय लॅन्ड’, तर दोन्हींवर जोर येतो आणि अर्थ होतो नुसती उंच जागा, कुठलीही. पुराच्या इशाऱ्यात लोकांना उंचावर जायला सांगतात ते मात्र ‘हायर ग्राउंड’वर. तिथे हायलंड्स म्हणालास तर बिचारे लोक स्कॉटलंडचं तिकीट काढतील.

आणि लिहिताना स्कॉटलंडचे हायलंड्स कॅपिटल एचनं. इतरत्र प्रदेशाचं विशेषनाम असेल तर कॅपिटल, नुसतं वर्णन असेल तर छोटा एच.

प्रश्न : अपलंड आणि हायलंड एकच का?

उत्तर : भाऊबंद आहेत, जुळे नाहीत. अपलंड सहसा ठेंगणा आणि गोलाईचा. स्कॉटलंडच्याच दक्षिणेला सदर्न अपलंड्स आहेत. तिथलं सर्वोच्च शिखर मेरिक, ८४३ मीटर.

पण शेतीच्या पुस्तकात हा शब्द दिसला की डोंगर शोधत बसू नका. ‘अपलंड राइस’ म्हणजे पाणी न साचवता, कोरडवाहू जमिनीत घेतलेला भात. आणि ‘अपलंड कॉटन’मध्ये तर चढाचा संबंध नावापुरताच : अमेरिकेत किनाऱ्यालगतच्या बेटांवर लांब धाग्याचा ‘सी आयलंड’ कापूस व्हायचा, त्याच्याहून वेगळा, आतल्या भागात पिकणारा तो अपलंड. आज जगातला बहुतांश कापूस याच जातीचा आहे आणि तो सपाट मैदानातही खुशाल पिकतो.