चौकटीच्या जागी एल-क्यू-क्यू-के दिसत असेल तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आधी ते ‘सगळं पुन्हा इन्स्टॉल करा’ डोक्यातून काढा. तुम्ही फोंड्याहून पुट्टीने (म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून देणाऱ्या टर्मिनलच्या प्रोग्रॅमने) वेर्ण्याच्या गोदामातल्या लिनक्स सर्व्हरवर जाता, स्टॉकचा जुना प्रोग्रॅम उघडता आणि मेनूच्या चौकटींऐवजी एल, क्यू, क्यू, के अशी रांग दिसते. एफ१ ते एफ४ चालत नाहीत, एफ५ मात्र चालतं. बॅकस्पेसला टोपी आणि एच उमटतो. यातलं एकही दुखणं प्रोग्रॅमचं नाही, आणि तिन्हींची मुळं वेगळी आहेत. म्हणूनच कुठल्याही एका रामबाण ओळीने तिन्ही बरी होणार नाहीत.

(आज्ञा मी फोनवर सांगतो तशा देवनागरीत लिहितोय. टाइप करताना इंग्रजीत टाका.)

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकणारी बाई गिऱ्हाइकाचं तोंड बघून कोंकणी, मराठी की हिंदी ते ठरवते. सर्व्हरला तुमचं तोंड दिसत नाही. लॉगिन होताना पुट्टी त्याला ‘टर्म’ नावाच्या व्हेरिएबलमधून सांगते की मी एक्सटर्म (लिनक्सवरची एक जुनी टर्मिनल-खिडकी) आहे. कुठलं टर्मिनल कुठल्या खुणा समजतं याची नोंद ठेवणाऱ्या टर्मइन्फोच्या कोठारातून सर्व्हर एक्सटर्मचं पान काढतो आणि त्याप्रमाणे बोलतो. पुट्टी बरीचशी एक्सटर्मसारखी वागते, पण पूर्ण नाही. तुमचा एफ१ नेमका त्या फरकात अडकलाय.

शेलमध्ये कंट्रोल-व्ही दाबून मग एफ१ दाबा. एस्केपच्या खुणेमागे चौकोनी कंस आणि ११ दिसेल. एक्सटर्मच्या पानावर मात्र एफ१ म्हणजे एस्केप, ओ, पी. एफ५ पासून पुढे दोघांचं जुळतं, म्हणून ते चालतं. ‘एफ५ चालतं’ हे तुम्ही लिहिलंत म्हणून निदान घरबसल्या झालं, नाहीतर लोक ‘कीबोर्ड चालत नाही’ एवढंच लिहून मोकळे होतात. उपाय पुट्टीतच: तिच्या सेटिंगमधल्या कीबोर्डच्या पानावर फंक्शन कीजसाठी ‘एक्सटर्म आर६’ निवडा.

बॅकस्पेसचं भांडण तर १९७८च्या व्हीटी१०० या टर्मिनल-यंत्रापासूनचं. त्यावर बॅकस्पेस आणि डिलीट अशा दोन वेगळ्या कळा होत्या, एक ८ क्रमांकाचं अक्षर पाठवायची, दुसरी १२७. पुढे कुणी हे धरलं, कुणी ते. पुट्टी मुळात १२७ पाठवते. तुम्हाला एच दिसतो, म्हणजे ८ जातंय, म्हणजे त्या सेटिंगला कुणीतरी हात लावलाय. (भाच्याला विचारा.) त्याच कीबोर्डच्या पानावर ‘कंट्रोल-प्रश्नचिन्ह’ निवडा. सर्व्हरवर ‘एसटीटीवाय इरेज’ लिहूनही भागतं, पण ते त्या लॉगिनपुरतंच; आणि कायमचं लॉगिनच्या फाइलमध्ये टाकलंत तर त्याच नावाने येणाऱ्या दुसऱ्या कुणाचा बॅकस्पेस बिघडतो.

आता चौकटी. इथे लोक दोन रोग एक समजतात. व्हीटी१०० ला रेघा काढायला लावायच्या तर आधी ‘आता चित्राचा संच’ अशी खूण पाठवायची आणि मग साधी अक्षरं: एल म्हणजे वरचा डावा कोपरा, क्यू आडवी रेघ, के वरचा उजवा कोपरा, एक्स उभी रेघ. ती खूण पुट्टीने ऐकलीच नाही तर अक्षरं अक्षरंच राहतात. तुमचं हेच. पुट्टी यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत) असताना मुळात ती खूण मानत नाही. विंडोखाली ट्रान्सलेशनच्या पानावर ‘यूटीएफ-८ मध्येही व्हीटी१०० च्या रेघा’ अशा अर्थाची एक टिकमार्कची चौकट आहे, ती लावा. जुन्या पुट्टीत ती सापडणार नाही, मग नवी उतरवून घ्या.

दुसऱ्या रोगात रेघेच्या जागी टोपी घातलेला ए आणि त्यामागे कचरा येतो, प्रत्येक तुकड्याला तीन-तीन अक्षरं. तिथे सर्व्हर यूटीएफ-८ पाठवतोय आणि पुट्टी एकेक बाइट वेगळा वाचतेय, कारण यूटीएफ-८ मध्ये अशी एक रेघ तीन बाइटांची असते. तेव्हा त्याच पानावरचा रिमोट कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ करायचा आणि सर्व्हरवर ‘लोकेल’ लिहून तिथेही तेच आहे ना ते बघायचं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलंत तर चौकटी आणखी फाटतात.

एक कळकळीची सूचना. लॉगिनच्या फाइलमध्ये ‘एक्सपोर्ट टर्म’ची ओळ कधीही टाकू नका. मी एकदा तिथे टर्म म्हणजे लिनक्स असं ठोकून दिलं होतं. एका खिडकीत रंग छान आले, मी खूश. मग इतर सगळ्या खिडक्यांतून एफ१ ते एफ५ मेले, टीमक्सच्या (जोडणी तुटली तरी सर्व्हरवर काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आतलं एडिटर वेडंवाकडं झालं, आणि एक अख्खा रविवार मी नेटवर्कला शिव्या देत काढला. टर्म सांगणं हे टर्मिनलचं काम. टीमक्सच्या आत तर ते ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’नेच सुरू व्हायला हवं, तिथे जबरदस्तीने एक्सटर्म लिहिणं म्हणजे दारावर शेजाऱ्याच्या नावाची पाटी लावणं.

तुम्ही शेवटी ‘कधी कधी स्क्रीन गोठते’ असंही लिहिलंय. गोठल्यावर आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबला जातो, आणि टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ ‘थांब’. आणि चुकून एखादी बायनरी फाइल ‘कॅट’ने पडद्यावर ओतल्याने सगळीच अक्षरं रेघांची झाली, तर दिसत नसलं तरी ‘रीसेट’ टाइप करून एंटर मारा.

मालाची नावं देवनागरीत हवीत, असं तुमचे शेठ म्हणतात. माझं मत विचाराल तर नको. टर्मिनल म्हणजे सारख्या खणांची जाळी. आपल्या लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, जोडाक्षरं एकमेकांत शिरतात, आणि कुणी किती खण घ्यायचे यावर प्रोग्रॅम आणि पुट्टी यांचं एकमत होत नाही. दराचा रकाना दर ओळीला सरकेल. त्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजीच ठेवा, मराठी छापील बिलावर आणा.

पावसात तुमच्याकडची वीज जाऊन जोडणी तुटते, त्यासाठी लॉगिन झाल्याबरोबर टीमक्स सुरू करा आणि प्रोग्रॅम त्याच्या आत उघडा. वीज आल्यावर पुन्हा लॉगिन करून ‘टीमक्स अटॅच’ लिहिलं की अर्धवट पावती जिथे होती तिथेच मिळेल. मात्र वर सांगितलेले पुट्टीचे तीन बदल आधी एकेक करून बघा आणि सेशन सेव्ह करा. टीमक्स मध्ये आलं की एफ१ची चाचणी पुन्हा करा, आणि तिथे वेगळं काही दिसलं तर जसंच्या तसं इथे लिहा.