वाशीच्या शिंपल्यावरच्या नळ्या आणि ऱ्हॅब्डोप्लुरा

तुमचे प्रश्न दोन. वाशीच्या खाडीपुलाजवळ ओहोटीला उचललेल्या कालवाच्या शिंपल्यावर ज्या पांढऱ्या वेड्यावाकड्या नळ्या आहेत, तो ऱ्हॅब्डोप्लुरा, म्हणजे नळीत वसाहत करून राहणारा तो चिमुकला समुद्री प्राणी, का? आणि ऱ्हॅब्डोप्लुरा हेमिकॉर्डेटा या प्राणिसंघात लिहायचा की ग्रॅप्टोलाइटांत, म्हणजे जीवाश्मांवरून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वसाहती प्राण्यांत?

पहिल्याचं उत्तर, नाही. फोटो मोठा करून पाहिला. नळ्या खडूसारख्या पांढऱ्या आणि टणक दिसतात. चुन्याची नळी बांधणाऱ्या सर्प्युलिड नावाच्या वलयी कृमींचं हे काम. एकमेकांना खेटून राहतात म्हणून वसाहत वाटते, पण ती चाळ आहे. प्रत्येक बिऱ्हाड वेगळ्या अळीतून येऊन बसलेलं. ऱ्हॅब्डोप्लुराचं मात्र एकत्र कुटुंब. एक अळी बसते, पुढचे सगळे मुकुलनाने होतात आणि एका बारीक देठाने जोडलेलेच राहतात. एकेक प्राणी जेमतेम मिलिमीटरभर, दोन पिसांसारखे हात पसरून पाण्यातले कण गोळा करणारा. ठाण्यात इतकी वर्षं प्रात्यक्षिकं घेतली, पण मला तो भेटला फक्त कॉलेजच्या पेटीतल्या जुन्या स्लाइडवर.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नळीतच आहे. 1869 मध्ये ऑलमन यांनी याचं वर्णन केलं तेव्हा तो ब्रायोझोआत, म्हणजे वसाहती करणाऱ्या दुसऱ्याच चिमुकल्या प्राण्यांच्या गटात, ढकलला गेला. हातांचा पिसारा आणि घोड्याच्या नालेसारखं वळलेलं आतडं पाहून कोणीही फसलं असतं. पण याची नळी चुन्याची नसते. तोंडापुढच्या चकतीतून प्राणी सेंद्रिय पदार्थ स्रवतो आणि गवंड्यासारखा थरावर थर चढवतो. जमिनीलगतच्या नळीत अर्धी अर्धी कडी, त्यांचा सांधा वर नागमोडी दिसतो; उभ्या नळीत पूर्ण कडी. नेमकी हीच बांधणी ग्रॅप्टोलाइटांच्या जीवाश्मांत सापडते. म्हणून 2013 साली मिचेल आणि सहकाऱ्यांनी ऱ्हॅब्डोप्लुराला थेट ग्रॅप्टोलाइटांत बसवलं. जो गट कार्बनी काळात, म्हणजे डायनोसॉरांच्याही आधी, संपला म्हणून शिकवत होतो, त्याचा वारस जिवंत निघाला! (ते जीवाश्म पारसिकच्या डोंगरात शोधू नका. तो लाव्हाचा खडक आहे, आणि वयाने फार लहान.)

म्हणजे दोन्ही बरोबर. संघ हेमिकॉर्डेटा, वर्ग टेरोब्रँकिया, त्यात ग्रॅप्टोलाइट. सेफॅलोडिस्कस हा त्याचा नातेवाईक त्याच वर्गात, पण ग्रॅप्टोलाइटांबाहेर. त्याला हातांच्या अनेक जोड्या असतात आणि वाढलेली पिल्लं सुटी होतात. दहावीच्या पुस्तकातल्या ‘अर्धसमपृष्ठरज्जू’ या नावावर मात्र विसंबू नका. ज्यावरून हे नाव पडलं त्या शुंडेतल्या (तोंडापुढच्या भागातल्या) दांड्याला आता बहुतेक जण पृष्ठरज्जू मानत नाहीत, आणि या मंडळींचे जवळचे नातेवाईक तारामासे आहेत.

खात्री करायची तर रिकाम्या नळीवर व्हिनेगरचा थेंब टाका. चुना असेल तर फसफसेल. पण नळीचा तुकडा आधी सुरीने वेगळा काढा, नाहीतर फसफसायचा शिंपला आणि नाव व्हायचं नळीचं.