व्हिसा न लागणाऱ्या देशात जायचं तर नुसता पासपोर्ट आणि तिकीट पुरतं का?

प्रश्न: खानापूर तालुक्यात राहतो. आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदाच परदेशी जायचा विचार आहे. थायलंड-मलेशियाला व्हिसा लागत नाही असं ऐकलं. मग पासपोर्ट आणि तिकीट एवढंच पुरतं का? धाकटा भाऊ म्हणतो, तिथं गेल्यावर एखादं कामही बघता येईल. खरं आहे का?

उत्तर:

भावाचं आधी सांगतो. कामासाठी त्याला असं पाठवू नका. व्हिसा माफ केला जातो तो फिरायला येणाऱ्यांना. त्याच्या आधारावर तिथं नोकरी धरली तर त्या देशाचा कायदा मोडला जातो, आणि मग मालकानं पगार बुडवला तरी दाद कुठं मागणार?

मी बेळगावात तिकीट बुकिंगचं काम करतो. "बँकॉकला कॉम्प्युटरवरचं काम आहे, व्हिसाचा खर्च नाही, फक्त तिकीट काढा" असं कुणीतरी सांगितलेलं पोरगं समोर येऊन बसलं की माझ्या पोटात गोळा येतो. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं सप्टेंबर २०२२ मध्येच अशा नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता. पोरांना पर्यटक म्हणून थायलंडमध्ये उतरवतात, गाडीनं माए सॉटला नेतात आणि तिथून सीमा ओलांडून म्यानमारच्या म्यावाड्डी भागात सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबतात. पासपोर्ट काढून घेतात आणि लोकांना ऑनलाइन लुबाडायचं काम बळजबरीनं करून घेतात. मार्च २०२५ मध्ये अशा शेकडो भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. इराणनंही फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना १५ दिवस व्हिसाशिवाय फिरायची मुभा दिली होती. नोकरीच्या आमिषानं तिकडं नेलेल्या लोकांचं अपहरण करून खंडणी मागितली जाऊ लागली, तेव्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये ती मुभा थांबवण्यात आली.

भावाला खरंच बाहेर काम करायचं असेल तर सरळ वाट आहे. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेले एजंट बघता येतात. ज्याचं नाव तिथं नाही त्याला एक रुपयाही देऊ नका, मग तो गावातला असो की पाहुण्यातला. भावाची दहावी झालेली नसेल तर त्याचा पासपोर्ट बहुधा ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागणारा, असेल. तसा असेल तर आखाती देश, मलेशिया, थायलंड अशा १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते.

आता तुमच्या सहलीचं. फायदा मोठा आहे, विशेषतः आपल्यासारख्या लांबच्या लोकांना. युरोपच्या शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे, अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही, आणि बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर स्वतः जावं लागतं. म्हाताऱ्या माणसांना रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसवून मुंबई-बंगळूरला न्यायचं, पासपोर्ट तिथं ठेवून यायचा आणि निकालाची वाट बघायची. व्हिसामाफी असली की हे सगळं वाचतं. सुगी आटोपली, पोरांना सुट्टी लागली, तिकीट स्वस्त दिसलं की निघता येतं.

पण तिकीट नि पासपोर्ट एवढ्यावर भागत नाही. आत घ्यायचं की नाही हे तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. पासपोर्टाची मुदत पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने उरलेली असावी. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवायची तयारी ठेवा. परतीचं तिकीट नसेल तर विमान कंपनी आपल्याकडच्या विमानतळावरच अडवू शकते. थायलंड आणि मलेशिया या दोन्ही देशांचा डिजिटल अरायव्हल कार्डाचा, म्हणजे आगमनाच्या माहितीचा, फॉर्म पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो. सरकारी साइटवर तो फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे नावं. मराठी शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, कन्नडवरून आलेल्या कागदावर दुसरं, आईच्या आधारवर माहेरचं नाव, असं घराघरांत आहे. पासपोर्टाचा अर्ज करण्यापूर्वीच हे एकसारखं करून घ्या. विमानाचं तिकीट मात्र पासपोर्टावर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळवून काढा.

मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांची माफी दिली आणि ती २०२६ अखेरपर्यंत वाढवली. थायलंडची माफी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, जुलै २०२४ मध्ये मुदत ६० दिवस झाली. या सवलती त्या त्या सरकारच्या मर्जीवर असतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीची साइट बघा. दिलेल्या दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर थायलंडमध्ये दिवसाला ५०० बाट दंड आहे.

तरी पहिल्या खेपेला मी तुम्हाला नेपाळच सुचवीन. पशुपतिनाथाचं दर्शन होईल, जेवणाची आबाळ होणार नाही, आणि आई-वडिलांना हिंदीत बोलता येईल. भारतीयांना तिथं व्हिसा लागत नाहीच, पासपोर्टाऐवजी मतदार ओळखपत्रही चालतं. भूतानलाही ते चालतं, पण तिथं परमिट काढावं लागतं आणि रात्रीला माणशी १,२०० रुपये शुल्क पडतं. आई-वडिलांनी पासष्टी ओलांडली असेल तर नेपाळसाठी त्यांचं आधार कार्डसुद्धा पुरतं. तुमचं स्वतःचं आधार मात्र चालणार नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, आणि झेरॉक्स नको, मूळ कार्डच जवळ ठेवा.