शेजारच्या काकूंचा स्लॅब पडायला आलाय, मदत कुठे मागायची?

प्रश्न: आमच्या शेजारी एक काकू एकट्या राहतात. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा लांब असतो आणि त्याचंही जेमतेमच चालतं. काकूंच्या आतल्या खोलीत छताचं प्लास्टर पडलंय, गंजलेल्या सळया उघड्या दिसतात, भिंतीला ओल आहे. एका कॉन्ट्रॅक्टरने बघून सांगितलं की अख्खा स्लॅब काढून नवीन टाकावा लागेल, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून काकू गप्पच झाल्या. आता म्हणतात, "माझं आहे तोवर चालेल." आम्ही शेजारी थोडे थोडे काढू पण तेवढ्याने भागणार नाही. मदत कुठे मागायची? आणि काकू फार मानी आहेत, त्यांना न सांगता पैसे गोळा केले तर चालेल का?
– एक वाचक

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, नाही चालणार. घर त्यांचं आहे, आणि आपल्या पडक्या छताचा फोटो चार ग्रुपवर फिरतोय हे त्यांना तिसऱ्याच कुणाकडून कळलं तर त्या तुमच्यासाठीही दार बंद करतील. तुमच्यातल्या ज्या एकीशी त्या मोकळं बोलतात तिने एकटीने जावं, घोळक्याने जाऊ नका, आणि "आम्ही पैसे जमवतोय" असं म्हणायच्या ऐवजी "एकदा इंजिनिअरला दाखवूया का, मी थांबते सोबत" एवढंच विचारावं. याला बहुतेक माणसं हो म्हणतात.

पण त्याच्याही आधी, आजच करायच्या गोष्टी. काकूंनी त्या खोलीत झोपणं बंद करायचं. छतावर जुनं सामान, कुंड्या, पाण्याची टाकी असं काही वजन असेल तर ते कमी करायचं, पण खालून टेकू लागला नसेल तर त्या भागावर कुणाला चढवू नका. ओल्या भिंतीतून वायरिंग गेलं असेल तर त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मीटरबोर्डावरचा वीज तोडणारा स्विच, पाडून ठेवायचा. आणि सळया दिसत असतील तर खालून लोखंडी टेकू लावून घ्या. ते भाड्याने मिळतात, पण कुठे लावायचे ते माहितगारानेच ठरवावं, कारण वरचं वजन चुकीच्या जागी पेललं गेलं तर उलटा ताण येतो. एवढं झालं की निदान शांतपणे विचार करायला वेळ मिळतो, आणि घाबरून घेतलेले निर्णय सगळ्यात महाग पडतात.

आता तो आकडा. मला खटकतंय ते हे की स्लॅब काढावाच लागेल हे ज्याला त्या कामाचे पैसे मिळणार आहेत त्यानेच सांगितलंय. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, पण हा निर्णय त्याचा नाहीये, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे, आणि इंजिनिअरला फी त्याच्या मताची द्यायची असते, कामाची नाही. प्लास्टर पडतं ते का? छतातून पाणी मुरतं, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो भोवतालचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. इंजिनिअर हातोडीने ठोकून बघतो, जिथे पोकळ आवाज येतो तिथे आतून सुटलंय, आणि सळई किती झिजलीय ते मोजतो. झीज कमी असेल तर सुटलेलं काँक्रीट काढून, सळईचा गंज घासून, तिला गंजरोधक कोट मारून पॉलिमर मॉर्टरने, म्हणजे पकड वाढवणारं रसायन घातलेल्या सिमेंटच्या मसाल्याने, भरता येतं, आणि हे काम नवीन स्लॅबच्या मानाने खूपच लहान असतं. झीज फार असेल तर मग स्लॅब काढावाच लागेल, पण निदान ते लेखी कळेल. नुसतं वरून नवीन प्लास्टर लावून देतो म्हणणारा कुणी आला तर त्याला परत पाठवा, आत गंज चालूच राहतो. आणि पाणी कुठून येतंय ते वरून शोधायलाच हवं. डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही, पाणी स्लॅबच्या आतून वाट काढत लांब जातं, आणि बऱ्याचदा मूळ निघतं पावसाच्या पाइपच्या तुंबलेल्या तोंडाशी किंवा कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात.

हे सगळं मी एवढं लांबण लावून का सांगतेय, तर मदत करणाऱ्याला नुसता मोठा आकडा दिला की तो हात आखडतो. "एवढ्या चौरस फुटांची दुरुस्ती, हे एस्टिमेट, हे इंजिनिअरचं पत्र, हे फोटो, एवढे जमलेत, एवढे कमी आहेत" असा कागद समोर ठेवला की बोलणं पुढे जातं. इंजिनिअरने लिहून दिलेल्या त्याच कामाची तीन कोटेशनं घ्या, नाहीतर तिघं तीन वेगळ्याच कामांचे भाव सांगतात आणि तुलनाच होत नाही.

कुठे मागायचं? काका जिथे नोकरीला होते तिथला वेल्फेअर फंड किंवा युनियन, हे लोक सहसा विसरतात आणि मी तिथूनच सुरुवात करीन. मग स्थानिक प्रशासनाची घरदुरुस्तीची किंवा ज्येष्ठांसाठीची काही योजना आहे का ते जाऊन विचारा. रोटरी, लायन्ससारखे क्लब आणि धार्मिक ट्रस्ट वस्तू किंवा मजुरीच्या रूपात मदत करायला पटकन तयार होतात, तेव्हा "सिमेंट तुम्ही द्याल का" असं नेमकं मागा. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही 1976 साली सुरू झालेली संस्था अनेक देशांत घरबांधणी आणि दुरुस्तीचं काम करते, तुमच्या भागात त्यांचं काम चालू आहे का बघा. घराचा विमा असेल तर पॉलिसी वाचा, वादळ किंवा झाड पडून झालेलं नुकसान सहसा धरतात, वर्षानुवर्षांची झीज सहसा धरत नाहीत. आणि घर गहाण ठेवून कर्ज, किंवा "आम्ही दुरुस्त करून देतो, फक्त इथे सही करा" म्हणणारा कुणी, यांच्यापासून काकूंना लांब ठेवा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं घर असंच हातातून जातं.

जमलेले पैसे कुणा एकाच्या पर्सनल खात्यात नकोत. दोघांच्या सहीने निघतील असं खातं ठेवा, हिशोब काकूंना आणि देणाऱ्यांना दाखवा, पण कुणी किती दिले ती यादी काकूंना दाखवू नका, उद्या जिन्यात प्रत्येकासमोर त्यांची मान खाली जायला नको. कॉन्ट्रॅक्टरला पैसे टप्प्याटप्प्याने द्या, सळया साफ झाल्या की भरायच्या आधी फोटो काढून इंजिनिअरला दाखवा, आणि छतावर चोवीस तास पाणी साठवून गळत नाही हे बघेपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही. हे सगळं आधीच लिहून घ्या.

अजून एक, घर अजून काकांच्याच नावावर आहे का ते विचारून घ्या. बरेच अर्ज तिथेच अडकतात, वारस नोंदीला वेळ लागतो, म्हणून इंजिनिअर यायची वाट न बघता ते काम आधी सुरू करा, आणि मुलगा पैसे देऊ शकत नसला तरी त्याची सही आणि कागदपत्रं लागतील, तेव्हा त्याला या आठवड्यातच फोन करा. अर्थात काकूंना विचारून.