पुण्यातली आवडती बातमीदारी सोडून दिल्लीची नेमणूक घ्यावी का?

घ्या. काम आणि शहर दोन्ही जिवाभावाचं असताना जावं का, असं तुम्ही विचारलंय. मीही पुण्यात शेती-सहकाराचं बीट सांभाळत होते, तिथूनच दिल्लीला आले.

जड जातं, हे खरं आहे. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की अजून हात फोनकडे जातो. किती क्युसेक सोडलं? भिडे पूल पाण्याखाली गेला का? एकतानगरीत पाणी शिरलं का? ती बातमी आता दुसरं कुणी लिहितं, आणि मी मात्र इथे बसून वाचते.

पण शिवाजीनगरच्या साखर संकुलात आपण ज्या थकीत एफआरपीच्या, म्हणजे कारखान्यांनी शेतकऱ्याला द्यायच्या उसाच्या किमान दराच्या, बातम्या करतो, तो दर दिल्लीत ठरतो. कृषिमूल्य आयोग शिफारस करतो, केंद्रीय मंत्रिमंडळाची समिती मंजुरी देते. डिसेंबर २०२३ मधली कांदा निर्यातबंदीही इथलीच. भाव पडल्याचा फटका बसला तो चाकण-लासलगावच्या शेतकऱ्यांना. दिल्लीत कांद्याची बातमी बहुतेकदा गिऱ्हाइकाला किलोमागे काय पडतं एवढ्यावर संपते. साठवणीच्या चाळीत कांदा किती सडतो, वाहतुकीला काय जातं, हे बघितलेला बातमीदार अधिकाऱ्याला वेगळा प्रश्न विचारतो. तो प्रश्न विचारणारं माणूस इथे हवंच आहे.

निघण्याआधी मात्र बीट नीट सोपवा. नुसती नंबरांची यादी पाठवू नका. नव्या सहकाऱ्याला घेऊन मार्केट यार्डात जा, सिंचन भवनात जा, ओळख करून द्या, चहा घ्या. वर्षानुवर्षं ज्यांनी फोन उचलला त्यांना तुमची बदली तुमच्याच तोंडून कळली पाहिजे. नाव न छापण्याच्या अटीवर ज्यांनी माहिती दिली, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना आधी एकट्यात भेटून विचारा. ते नको म्हणाले, तर त्यांचं नाव सहकाऱ्यालाही सांगायचं नाही. कुणाची तरी नोकरी त्यावर अवलंबून असते.

होकार देताना संपादकांकडून कृषी, अन्न आणि २०२१ मध्ये झालेलं सहकार मंत्रालय मागून घ्या. संसद आणि पक्ष सगळ्यांनाच हवे असतात. ही खाती मागणारे कमी, आणि जुन्नर-इंदापूरचा वाचक त्यांच्याच बातमीची वाट बघत असतो.