देव न मानणाऱ्याने मीटिंगला जावं का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वय ४६. बरीच वर्षं रोज संध्याकाळी पितो. आता क्वार्टरने भागत नाही, आणि सकाळी फळ्यावर लिहिताना हात कापतो. डॉक्टरांनी 'एए'च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या संघटनेच्या, मीटिंगला जायला सांगितलं. बायकोही म्हणते, जाऊन तर बघा. पण मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात वाढलेला, देव न मानणारा माणूस. तिथे प्रार्थना होते म्हणे. शिवाय गाव तालुक्याचं. एखाद्या पालकाने पाहिलं तर? जावं का, आणि तिथे करायचं काय?
— एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, देवाचं नंतर बघू, आधी त्या हाताचं बघू. सकाळी हात कापतो त्याने 'आजपासून बंद' म्हणून एकदम दारू तोडायची नसते. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, माणूस अंगावर नसलेले किडे झटकत बसतो, आणि वेळेवर उपचार नाही मिळाले तर जीवही जातो. गोळ्या आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन हा काळ सुखरूप पार पाडता येतो. त्यासाठी डॉक्टरांना खरा आकडा सांगा. मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात समाजसेविका होते. बायको शेजारी बसली असेल तर नवऱ्याचा आकडा हमखास निम्मा व्हायचा. तेव्हा हवं तर एकटे जा, पण खरं सांगा.

मीटिंगला मात्र दारू सुटेपर्यंत थांबू नका. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सभासद होण्याची अट एकच: दारू सोडायची इच्छा. काल प्यायलेला माणूसही आज तिथे बसू शकतो.

आता देव. अमेरिकेत १९३५ साली हे काम सुरू झालं आणि १९३९ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्याच्या मसुद्यावरून सुरुवातीच्या सभासदांतल्या नास्तिकांनी चांगलाच वाद घातला. म्हणून दारू सोडण्यासाठी एएने घालून दिलेल्या बारा पायऱ्यांमध्ये 'आम्हाला समजलेला ईश्वर' अशी सोय झाली. मला विचाराल तर ती पळवाटच आहे, पण उपयोगी पळवाट. माझ्या ओळखीचे काही सभासद पायऱ्यांमधली 'उच्च शक्ती' म्हणजे समोर बसलेला गट, एवढंच धरतात आणि शेवटच्या प्रार्थनेला नुसते उभे राहतात. त्यांना कोणी हटकलेलं मी पाहिलं नाही. आणि तुम्ही पुरावा मागणारे, म्हणून सांगते: २०२० साली वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र तपासली. पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत, ठरावीक पद्धतीने एएकडे वळवणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. अभ्यास बहुतेक अमेरिकेतले आहेत, हेही लक्षात ठेवा.

तरीही घशाखाली उतरत नसेल, तर साताऱ्यातच 'परिवर्तन' आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीच सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र. तिथे तरी तुम्हाला देवाची अडचण येऊ नये!

मीटिंग म्हणजे काय? शाळेचा वर्ग नाहीतर चर्चचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, तास-दीड तास. आधी थोडं वाचन होतं, मग एकेक जण बोलतो: 'मी अमुक, मी अल्कोहोलिक.' त्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. शिक्षकाला हेच सर्वांत जड जाईल, कारण समोरचा चुकतोय असं वाटलं तरी गप्प बसायचं. तुमची पाळी आली की 'आज फक्त ऐकतो' म्हणा, चालतं. हजेरीपट नसतो, फी नसते. शेवटी एक थैली फिरते, त्यात टाकलं तर टाकलं. बाहेरच्यांच्या देणग्या ते घेतच नाहीत. निघताना मात्र लगेच चप्पल घालू नका. खरी ओळख मीटिंगनंतरच्या चहावर होते. तिथे एक-दोघांचे फोन नंबर घ्या, कारण संध्याकाळी सात वाजता तलफ आली की पुस्तक नाही, माणूस लागतो.

पालक भेटला तर? तो तिथे शाळेची तपासणी करायला आलेला नसेल. खुल्या मीटिंगला कोणीही येऊ शकतं, बंद मीटिंगला फक्त दारूचा त्रास असलेले. तुम्ही बंद मीटिंग विचारून घ्या. तरी धास्ती वाटली तर पहिले काही दिवस शेजारच्या तालुक्यातला गट धरा, किंवा ऑनलाइन मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसा. गावात बातमी फुटायची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण तुमच्या तोंडाचा वास पाचवीतल्या पोरांना कधीच कळलाय, हेही खरं.

गट शोधायला एए इंडियाच्या संकेतस्थळावर गावानुसार चौकशी करा. १४४४६ हा सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर आहे, तिथून जवळचं केंद्र कळेल. एका मीटिंगवरून मत बनवू नका. गटागटांत फरक असतो. कुठे जुनी मंडळी तेच तेच किस्से सांगत बसतात, कुठे तुमच्याच वयाचा मास्तर भेटतो.

आणि बाईंना सांगा, घरच्या माणसांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळा गट असतो. तुम्ही गेलात, न गेलात, त्या जाऊ शकतात. तुमची परवानगी लागत नाही.